टाकीच्या झाकणावरचं कुंकू

माझी शेवटची पोस्टिंग माझ्याच गावात झाली. बंगळूरच्या एका इंजिनिअर ट्रेनिंग युनिटमध्ये मी हवालदार इन्स्ट्रक्टर म्हणून हजर झालो, तेव्हा आईनं चिकपेटमागच्या आमच्या गल्लीत घरोघरी पेढे वाटले. आम्ही इथले जुने मराठे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आडनावाच्या जागी आम्ही राव लावतो. त्यामुळे पलटणीतही मला सगळे राव म्हणत.

माझ्याकडे वॉटरमनशिपचं काम होतं. जवानांना बोट चालवायला शिकवायचं. पोहणं, वल्हवणं, दोराच्या गाठी आणि सगळ्यात शेवटी ओ.बी.एम., म्हणजे आउटबोर्ड मोटर. ही मोटर बोटीच्या मागच्या फळीला कसून बसवतात. तिचा पंखा पाण्यात राहतो. पेट्रोलची टाकी वेगळी असते, ती बोटीच्या तळाशी ठेवायची. टाकीपासून मोटरीपर्यंत रबराचा पाइप जातो आणि त्या पाइपाच्या मधे मुठीत मावेल असा एक रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल वर चढवायचं.

सुरू करायचं ड्रिल मी झोपेतही म्हणू शकत असे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. फुगा कडक होईपर्यंत दाबा. गिअर न्यूट्रल. चोक बाहेर. दोरी आधी हळू ओढून दात लागू द्या, मग एका दमात खेचा. नव्या पोरांना मी एक प्रश्न हटकून विचारायचो. चालू मोटर बंद पडली आणि फुगा चपटा झालेला दिसला, तर त्याचा अर्थ काय? उत्तर असं की टाकीत हवा शिरत नाही. पेट्रोल निघून जातं, त्याच्या जागी हवा यायला वाट नसते, म्हणून टाकीच पेट्रोल धरून ठेवते. हे मी शेकडो जणांना शिकवलं असेल.

आमच्याकडच्या मोटरींत एक फार जुनी होती. थंड असली की तासभर दोरी ओढली तरी ढिम्म. तिचं नाव अत्तेम्मा. कन्नडात अत्ते म्हणजे सासू. नाव ठेवलं होतं लान्स नायक मुनियप्पानं. मुनियप्पा कोलारकडचा. काळा, बुटका, खांदे बैलासारखे. अत्तेम्माचा ऑपरेटर तोच. दुसऱ्या कोणाच्या हातून ती सुरूच होत नसे. आमचं बोलणं कन्नडात चालायचं. इथं मी ते मराठीत लिहितो.

"सार, तुम्ही तिला आज्ञा देता," तो मला म्हणायचा. "सासूला आज्ञा देऊन चालतं का? आधी विचारपूस करायची."

मग तो चोक अर्धाच ओढायचा, दोरी दोनदा नुसती सैल फिरवायचा, चोक आत ढकलायचा आणि तिसऱ्या वेळी खेचायचा. धुराचा लोट सोडून अत्तेम्मा सुरू व्हायची. तो माझ्याकडे बघून भुवया उडवायचा.

आमचे कंपनी कमांडर कॅप्टन भिडे पुण्याचे. वयानं माझ्याहून लहान. आजूबाजूला कोणी नसलं की माझ्याशी मराठीत बोलत.

"राव, तुमचं मराठी ऐकलं की मला भूक लागते," एकदा ते म्हणाले. "प्रत्येक वाक्याला सांबाराचा वास येतो."

"सर, तुमचं ऐकलं की मला दुपारची झोप येते," मी म्हणालो. ते खूप हसले होते. ते दिवस चांगले होते, एवढंच सांगायचं आहे.

त्या वर्षी नवरात्रात पाऊस थांबलाच नाही. बंगळूरला परतीचा पाऊस ऑक्टोबरात येतो, पण असा नाही. नवमीला आयुधपूजा. सगळ्या युनिटमध्ये हत्यारं, गाड्या, अवजारं धुऊन पुसून मांडतात. आमच्या शेडमध्ये मोटरी ओळीनं स्टँडवर लावल्या होत्या. झेंडूच्या माळा, लिंबं, केळीचे खांब. मुनियप्पा सकाळपासून उपाशी होता. त्यानं प्रत्येक मोटरीला विभूतीचे पट्टे ओढले आणि टाक्यांच्या झाकणांवर मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला.

"झाकणावर का रे?"

"कपाळ तिथंच आहे, सार. तिथूनच ती श्वास घेते."

त्याच्या बोटाला चिकट काही लागलेलं दिसलं म्हणून मी विचारलं, हे काय? त्यानं खिशातून पत्र्याची एक लहानशी डबी काढून दाखवली. आत मेण होतं. त्याची बायको रत्नम्मा कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू लावायची, त्या डबीतलं.

"तिनंच दिलं. म्हणाली, पाऊस आहे, नुसतं कुंकू वाहून जाईल. हे नाही जाणार."

अत्तेम्माच्या टाकीला त्यानं सगळ्यात मोठा टिळा लावला. मेणाचा थर अंगठ्यानं दाबून बसवला. शेंदरासारखा लाल. सुंदर दिसत होता. मी हात जोडले.

आमच्याकडे रीत अशी की नवमीला पूजेत ठेवलेलं आयुध दशमीला उत्तरपूजा झाल्यावरच उचलायचं. त्यानंतर सफाई. रॉकेलचं फडकं घेऊन प्रत्येक टाकीचं झाकण, स्क्रू, नळ्या साफ करायच्या, कुठं गंध, अक्षता, कुंकू राहू द्यायचं नाही. ही सफाई माझ्या देखरेखीखाली व्हायची आणि झाकणं मी स्वतः करायचो. दर वर्षी.

दशमीला सकाळी उत्तरपूजेची तयारी चालू असतानाच कॅप्टन भिडे जीपमधून आले. यशवंतपूर आणि येलहंका यांच्या मधल्या एका सखल वस्तीत वरच्या तलावाचा बांध फुटून पाणी शिरलं होतं. घरं छपरापर्यंत बुडाली होती, माणसं गच्चीवर होती. सिव्हिल प्रशासनानं आर्मीची मदत मागितली होती.

"तीन बोटी. राव, किती वेळ?"

"पंधरा मिनिटं, सर."

पुजारी मधेच म्हणाले, "अजून उत्तरपूजा व्हायची आहे." कॅप्टननी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पुढं होऊन मोटरींना नमस्कार केला आणि म्हणालो, "उचला."

नियम असा होता की बोटीवर चढवण्याआधी प्रत्येक मोटर पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटं चालवून बघायची. आम्ही घाईत होतो. मुनियप्पानं अत्तेम्माची दोरी ओढली आणि त्या दिवशी ती पहिल्याच ओढीला सुरू झाली. शेडमधली पोरं ओरडली. "पूजा पावली, सार!" मुनियप्पा म्हणाला. मीही हसलो. मिनिटभर चालू दिली आणि म्हणालो, बंद कर, गाडीत चढव.

रॉकेलचं फडकं खिडकीत वाळत होतं. मला ते दिसलं. दशमीच्या सकाळी, उत्तरपूजा झालेली नसताना, कुंकू पुसायला हात पुढं झाला नाही. मनात म्हटलं, आज तर हे असू द्यावं. आज याची गरज आहे.

वस्तीच्या वरच्या अंगाला रस्त्यावरून आम्ही बोटी पाण्यात उतरवल्या. खालच्या अंगाला रेल्वेचा उंच भराव होता आणि भरावाखाली एक मोरी. सगळं पाणी त्या मोरीतून निघायला बघत होतं. तिच्या तोंडाशी पाणी फिरत होतं. पत्रे, दारं, एक मेलेली म्हैस तिकडं ओढली जाताना मी पाहिली. मी तिन्ही बोटींना सांगितलं, मोरीच्या बाजूला जायचं नाही. मोटर चालू ठेवूनच वळायचं.

माझ्या बोटीत आम्ही तिघं होतो. पुढं सॅपर जोसेफ, मागं मोटरीवर मुनियप्पा, मधे मी आणि रेडिओ सेट. पहिली गच्ची अगदी जवळ होती. तिथून चौघांना काढलं आणि रस्त्याला परत येऊन, मोटर बंद करून त्यांना उतरवलं. सगळं सुरळीत झालं. दुसरी गच्ची लांब होती, मोरीच्या अंगाला. तिथं एक तरुण जोडपं, त्यांची लहान मुलगी आणि एक म्हातारे गृहस्थ होते. म्हातारे बोटीत पाय ठेवायला तयार होईनात.

"ते जॅकेट घातल्याशिवाय मी येणार नाही," ते मुनियप्पाच्या लाइफ जॅकेटकडे बोट दाखवत होते. आमच्याकडची जादा जॅकेटं आधीच्या फेरीतल्या लोकांच्या अंगावर राहून गेली होती.

मुनियप्पानं आपलं जॅकेट काढलं आणि त्यांना घालून पट्टे आवळले. "घ्या ताता. नवरदेव दिसताय."

क्रूनं जॅकेट काढायचं नाही, असा हुकूम असतो. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. दहा मिनिटांचं काम आहे, असं मला वाटलं.

आम्ही निघालो. बोट आता जड होती, मुनियप्पानं थ्रॉटल पूर्ण उघडला होता. आम्ही प्रवाहाच्या मधोमध आलो आणि अत्तेम्माचा आवाज बदलला. ती दमल्यासारखी झाली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

मोटर बंद पडल्यावर पाण्याचा खरा आवाज ऐकू येतो. बोट आडवी झाली आणि मोरीकडे सरकू लागली.

मुनियप्पानं दोरी ओढली. एकदा, दोनदा, चोक अर्धा काढून पुन्हा. काही नाही. जोसेफनं वल्हं घातलं, पण त्या प्रवाहात एका वल्ह्याचा उपयोग नव्हता.

"अल्फा वन, कंट्रोल बोलतोय. तुम्ही थांबलात का? ओव्हर."

"कंट्रोल, अल्फा वन. मोटर बंद. मोरीकडे वाहतोय. ओव्हर."

"अल्फा टू तुमच्याकडे पाठवतोय. तोवर कशाला तरी बांधा. ओव्हर."

मी सेट खाली ठेवला. तळाशी पाइप पडला होता. मी फुग्याला हात लावला. तो चपटा झाला होता, उन्हात वाळलेल्या चिंचेसारखा. आता मी जे लिहितो आहे ते मला आजही डोळ्यासमोर दिसतं. मी चपटा फुगा हातात धरून टाकीकडे पाहिलं. झाकणावर तो लाल टिळा होता. मुनियप्पाही तिकडंच बघत होता. त्याचा हात झाकणाकडे गेला आणि वरच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला परवानगी हवी होती.

"सार, हवा..."

"स्क्रू उघडा आहे. मी बघितलाय," मी म्हणालो. "पाइप मुडपला असणार. बाजूला हो, मी बघतो. तू दोर घेऊन जा."

स्क्रू उघडाच होता. निघताना त्यानंच उघडला होता आणि मेण स्क्रूभोवती गोल चिरलं होतं. पण त्या खालचं हवेचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं. ते मेणानं गच्च भरलं होतं. झाकण फक्त अर्धा फेरा सैल केलं असतं तरी पुरे होतं.

मुनियप्पानं पुढच्या कडीतला दोर घेतला. मोरीच्या अलीकडे बाजूला विजेचा एक लोखंडी खांब पाण्याबाहेर होता. तिकडं जायला मुनियप्पा पाण्यात उतरला. मी पाइप सरळ केला, फुगा दाबला, तो फुगेना. मी दोरी ओढत राहिलो. माझी पाठ त्याच्याकडे होती. दोर ताणला गेल्याचा हिसका बसला आणि बोट जागच्या जागी थांबून फिरली. जोसेफ ओरडला, "बांधला, सार!" लहान मुलीच्या आईनं देवाचं नाव घेतलं. तरी मी वळलो नाही. मला वाटलं, आता मोटर सुरू केली की झालं.

मग जोसेफ पुन्हा ओरडला. या वेळी नुसतं नाव. मी वळलो तेव्हा खांबाला दोराचे दोन फेरे आणि पक्की गाठ दिसली. मीच शिकवलेली गाठ. मुनियप्पा खांबापाशी नव्हता. जोसेफनं नंतर सांगितलं, गाठ मारून तो दोर धरून परत येत होता. वाहत आलेलं एक लाकडी दार त्याच्या खांद्यावर आदळलं आणि त्याचे हात सुटले. अंगावर जॅकेट नव्हतं.

मी काय केलं ते सांगतो. मी मोटरीकडे वळलो, कारण त्याच्या मागं जायचं तर मोटर हवी होती. पेट्रोल संपलं की काय, म्हणून मी झाकण पिळलं. कुंकू माझ्या हाताला लागलं. झाकण सैल होताच टाकीनं मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला. सूं करून हवा आत गेली. फुगा माझ्या डोळ्यांदेखत गोल झाला. मी दोरी ओढली आणि अत्तेम्मा पहिल्या ओढीला सुरू झाली.

मी जोसेफला दोर सोडायला सांगितलं. मोरीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. बोटीत चौघं सिव्हिलियन होते, त्याहून पुढं जाता येत नव्हतं. ते म्हातारे गृहस्थ जॅकेटचे पट्टे काढायला धडपडत होते. "त्याला द्या, हे त्याला द्या," असं म्हणत होते. मी सेटवर कळवलं. "कंट्रोल, अल्फा वन. एक जवान पाण्यात. मोरीतून पलीकडे. मोटर चालू आहे. ओव्हर."

त्या दिवशी झाकण सैल ठेवून मी अत्तेम्मा संध्याकाळपर्यंत चालवली. ती एकदाही बंद पडली नाही. गच्च्या रिकाम्या झाल्या. मुनियप्पा भरावाच्या पलीकडे, बांबूच्या बेटात सापडला. त्याच्या खिशात ती डबी होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. मेण, ड्रम, जॅकेट, चपटा फुगा, माझा हुकूम. काही लपवलं नाही. माझ्यावर ठपका आला, तोही हलका. बाहेर आल्यावर कॅप्टन भिडे माझ्याजवळ उभे राहिले.

"राव, पूजा सगळ्या युनिटनं केली. मीही हात जोडले होते."

"पुसायचं काम माझं होतं, सर."

त्या वर्षापासून युनिटमध्ये टाक्यांना कुंकू लावणं बंद झालं. हँडलला माळ घालतात.

सगळ्यांना सांगितलं, फक्त रत्नम्माला सांगितलं नाही. तिला मी एवढंच म्हणालो होतो की मोटर बंद पडली. जुनी होती. मेण तिनं दिलेलं होतं. हे तिला कळलं तर तिचं काय होईल, म्हणून मी बोलत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. काही वर्षं ते मला खरंही वाटलं. रिटायर झाल्यावर मी यशवंतपूरला पाण्याच्या पंपांचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. ती तिथंच जवळ एका खोलीत राहते आणि शिवणकाम करते. दर दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन तिच्याकडे जातो. ती कॉफी देते. मी तिच्याकडे मान वर करून बघू शकत नाही, हे तिला दिसतच असणार. मग हळूहळू मला कळलं की गप्प बसून मी वाचवत होतो ते स्वतःलाच.

मागच्या दसऱ्याला मी सांगितलं. शिवणयंत्राची पूजा झालेली होती. कुंकू फळीच्या कडेला होतं, तेलाच्या भोकांपासून दूर. भिंतीवर मुनियप्पाचा युनिफॉर्ममधला फोटो. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, डबीपासून मोरीपर्यंत. त्यानं हात पुढं केला होता आणि मी थांबवला, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. मधे एकदा तिनं कपाळाला बोट लावलं आणि खाली घेतलं.

मग म्हणाली, "त्यांची सवयच होती ती. आमच्या स्टोव्हच्या भोकावर लावायचे. सायकलच्या व्हॉल्व्हवर लावायचे. कपाळ तिथंच असतं म्हणायचे. ते ड्युटीवर गेले की मी पिन घेऊन बसायची आणि सगळं मोकळं करून ठेवायची. त्यांना कधी कळलंसुद्धा नाही."

तिनं फोटोकडे पाहिलं.

"अण्णा, तिकडं मोकळं करून ठेवणारं कोणी नव्हतं?"

"होतं," मी म्हणालो. "मी होतो."